बर्चची पाने पिवळी, तपकिरी का होतात: निदान आणि उपचार, पायरीपायरीने

जूनच्या मध्यावर अंगणातल्या बर्चची पाने तपकिरी दिसू लागली की पहिला हात फवारणीच्या पंपाकडे जातो. बहुतेक वेळा ती फवारणी वाया जाते. डाग नजरेत भरेपर्यंत तो करणारी अळी पानातून बाहेर पडून मातीत शिरलेली असते. किंवा अळी मुळात नव्हतीच, झाडाला पाणी कमी पडले होते. बर्चच्या बाबतीत पान हे दुखण्याचे ठिकाण कमी आणि निरोप्या जास्त असते. निरोप वाचायला शिकलात तर औषधाची गरज फार थोड्या वेळा पडते, आणि पडते तेव्हा ते वेळेवर देता येते.

बर्चला थंड, ओलसर, किंचित आम्ल माती आवडते. निसर्गात तो थंड प्रदेशात, जंगलाच्या कडेला, ओढ्याकाठी किंवा उत्तर-पूर्वेच्या उतारावर वाढतो. तिथे मुळांवर सावली असते आणि पाचोळ्याची जाड गादी असते. ज्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या तो हिमालयातला भूर्जही याच वंशातला. अंगणात आपण या झाडाला उन्हात, हिरवळीच्या मधोमध, बांधकामाच्या वेळी घट्ट झालेल्या मातीत लावतो. त्याची अन्न-पाणी शोषणारी मुळे वरच्या अर्ध्या मीटर मातीत पसरलेली असतात आणि तोच थर आधी तापतो, आधी वाळतो. पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक तक्रार या एका विसंगतीपाशी कुठेतरी जाऊन पोचते.

आधी झाड कोणते ते ठरवा

पांढरी साल म्हणजे एकच बर्च नव्हे. जातीवरून निम्मे निदान होते, म्हणून हे काम टाळू नका.

युरोपीय सिल्व्हर बर्चच्या फांद्या टोकाशी लोंबतात, पान त्रिकोणी आणि दुहेरी दातेरी असते, आणि वयस्क खोडाच्या बुंध्याशी साल काळपट होऊन खोल भेगाळते. पेपर बर्चची साल कागदासारख्या पातळ पट्ट्यांनी सुटते आणि पान अंडाकृती असते. ग्रे बर्चची साल सहसा सुटत नाही, फांद्या फुटतात तिथे मिशीसारखे काळे त्रिकोण दिसतात आणि पानाचे टोक लांब निमुळते असते. हिमालयन बर्चचा बागेत लावला जाणारा प्रकार खडूसारखा पांढराशुभ्र असतो. रिव्हर बर्चची साल मात्र गुलाबी-तपकिरी असते, तिचे कुरळे पापुद्रे निघतात आणि पान हिऱ्याच्या आकाराचे असते.

उत्तर अमेरिकेत सिल्व्हर आणि हिमालयन बर्च हे खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे हमखास बळी आहेत. पेपर बर्च आणि ग्रे बर्च मध्यम तग धरतात. रिव्हर बर्चला तो भुंगेरा सहसा शिवत नाही, पण चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडण्याचा त्रास त्यालाच जास्त होतो. म्हणजे रिव्हर बर्च पिवळा पडला तर आधी माती तपासा, आणि सिल्व्हर बर्चचा शेंडा विरळ झाला तर आधी खोड.

पाहणी: पंधरा मिनिटांचे काम

लागणारे सामान थोडेच: भिंग, लांब स्क्रूड्रायव्हर, जमल्यास दुर्बीण, आणि पाच-सहा पाने ठेवायला पांढरा कागद.

१. झाडापासून दहा-पंधरा मीटर मागे उभे राहून पूर्ण घेर पाहा. त्रास वरच्या तिसऱ्या भागात आहे, आतल्या बाजूला आहे, फक्त दक्षिण-पश्चिमेच्या उन्हाळ बाजूला आहे, की सगळीकडे सारखा? शेंडा विरळ आणि खालचा भाग हिरवागार असेल तर हा लेख मधूनच सोडून आधी ‘शेंडा विरळ होतोय’ हा भुंगेऱ्याचा भाग वाचा. तिथे वेळेला किंमत आहे.

२. जवळ येऊन एकाच फांदीवरची टोकाची कोवळी पाने आणि बुडाची जून पाने शेजारी धरा. लोहाची कमतरता कोवळ्या पानांत आधी दिसते, नत्राची जून पानांत. पाण्याच्या ताणात आतली जून पाने पिवळी होऊन गळतात.

३. पान उलटे करा. मावा, तांबेऱ्याची पूड, कोळ्यांची जाळी, अंडी, सगळे खालच्या बाजूला असते. वरून पान पाहून केलेले निदान निम्मेच.

४. डाग पडलेले पान सूर्याकडे धरून आरपार पाहा. आत चपटी अळी किंवा विष्ठेचे काळे कण दिसले तर नागअळी, म्हणजे पान आतून पोखरणारी अळी. काहीच दिसले नाही आणि डाग पानाच्या कडेपासून आत सरकलेला असेल तर तो करपल्याचा डाग.

५. ठिबक रेषेच्या, म्हणजे फांद्यांच्या बाहेरच्या घेराच्या, आत तीन-चार ठिकाणी स्क्रूड्रायव्हर मातीत दाबा. ओल्या, मोकळ्या मातीत तो १५–२० सेंटिमीटर सहज जातो. पाच सेंटिमीटरवर अडला तर माती एकतर कोरडी आहे किंवा घट्ट झाली आहे. बाहेर काढल्यावर त्याला चिखल लागून वास येत असेल तर पाणी जास्त झाले आहे.

६. बुंधा पाहा. जमिनीपाशी खोड थोडे फाकून मुळांत उतरताना दिसले पाहिजे. खांबासारखे सरळ मातीत गेले असेल तर झाड खोल लावले आहे किंवा वर माती चढली आहे. हाताने माती सारून वरची मुळे उघडी करा. एखादे मूळ खोडाभोवती वेटोळे घालत असेल तर झाडाच्या त्या बाजूची पाने लहान आणि फिकी राहतात. गवत कापणाऱ्या यंत्राच्या दोरीने साल सोलली गेली आहे का, तेही इथेच कळते.

तारीख लिहून ठेवा. हीच पाने मेच्या शेवटी बिघडली की ऑगस्टमध्ये, यावरून कारण बदलते.

पाणी

कडा तपकिरी, कुरकुरीत, मधला भाग हिरवा; उन्हाळ बाजूला जास्त; पाने नेहमीपेक्षा लहान. हे पाण्याच्या ताणाचे चित्र. रिव्हर बर्च तर पहिल्या कडक उन्हात आतली पाने पिवळी करून भराभर टाकतो. ते पाहून घाबरायला होते, पण झाड स्वतःचा खर्च कमी करत असते. टोकाची पाने हिरवी असतील तर पाणी द्या आणि वाट पाहा.

पाणी किती? खोडाचा व्यास छातीच्या उंचीला मोजा. प्रत्येक सेंटिमीटर व्यासाला एका पाळीत सुमारे १५ लिटर धरा. १५ सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला सव्वादोनशे लिटर झाले. आकडा मोठा वाटतो, म्हणूनच रोज संध्याकाळी पाच मिनिटे नळी धरणाऱ्यांची झाडे तहानलेली राहतात. त्या पाच मिनिटांत वरचे गवत पिते, खाली काही पोचत नाही. नळीचा प्रवाह मोजण्यासाठी दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते पाहा. प्रवाह मिनिटाला दोन लिटरवर आणा आणि ठिबक रेषेच्या आत चार ठिकाणी अर्धा-अर्धा तास नळी ठेवा. २४० लिटर सावकाश मुरतात. खोडाला टेकवून नळी सोडू नका, तिथे शोषणारी मुळे नसतात आणि बुंधा कुजतो.

पाऊस नसेल तर आठवड्यातून एक पाळी, हलक्या वाळूच्या मातीत तेच पाणी आठवड्यात दोनदा विभागून. चिकण मातीत पुढची पाळी देण्याआधी स्क्रूड्रायव्हर घालून पाहा. माती वाफशावर आली असेल तरच पाणी द्या. सतत चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. ते पिवळेपण तहानेसारखेच दिसते, आणि मग माणूस आणखी पाणी घालतो. बर्च पाण्याच्या कमतरतेने जितके मरतात तितकेच या गैरसमजाने दुबळे होतात, असे म्हणायला हरकत नाही. पानगळीच्या काळातही कोरडे हवामान असेल तर जमीन गोठेपर्यंत पाणी चालू ठेवा, कारण पुढच्या वसंतातल्या पालवीची तयारी तेव्हाच होते.

दुसरी गोष्ट आच्छादनाची. औषधाच्या दुकानातल्या कोणत्याही बाटलीपेक्षा ही बर्चच्या जास्त उपयोगी पडते. गवत काढून लाकडाच्या चिप्स किंवा सालीचा भुगा ५ ते १० सेंटिमीटर जाड पसरा. शक्यतो ठिबक रेषेपर्यंत, निदान दीड मीटर त्रिज्येत. खोडाभोवती १०–१५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. खोडाला लागून रचलेला ढीग साल कुजवतो आणि उंदरांना आडोसा देतो. दगड-खडीचे आच्छादन नको, ते तापते. माती खणून गवत काढू नका, मुळे वरच असतात. गवतावर जाड पुठ्ठा अंथरून त्यावर चिप्स टाकल्या की गवत आपोआप मरते.

हिरव्या शिरा, पिवळे पान

शिरांचे जाळे हिरवे आणि मधली जागा लिंबासारखी पिवळी, तीही टोकाच्या नव्या पानांत, म्हणजे लोहाची कमतरता. तीव्र झाली की पान फिक्कट पांढरे होते आणि कडा जळतात. मँगेनीजची कमतरता जवळजवळ अशीच दिसते. नक्की फरक करायचा तर पानांचे पृथक्करण करून घ्यावे लागते.

मातीत लोह सहसा भरपूर असते. सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा आकडा) ७ च्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. बर्चला ५ ते ६.५ सामू मानवतो. घराच्या पायाजवळ, सिमेंटच्या वाटेशेजारी किंवा जड पाणी वर्षानुवर्षे दिलेल्या जागेत तो सहज वर चढतो. म्हणून आधी माती परीक्षण: ठिबक रेषेच्या आत पाच-सहा ठिकाणांहून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र मिसळा, प्रयोगशाळेत सामू आणि चुन्याचे प्रमाण तपासून घ्या. तोवर घरी एक सोपी चाचणी होते. कोरड्या मातीच्या चमचाभर नमुन्यावर व्हिनेगर टाका. फसफसले तर मातीत मोकळा चुना आहे.

फसफसत नसेल तर गंधकाची पूड काम करते. मध्यम पोताच्या मातीत दर चौरस मीटरला ५० ते १०० ग्रॅम, वर्षातून एकदा, आच्छादन बाजूला सारून पसरायची आणि पाणी द्यायचे. गंधकाचे आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्यामुळे परिणामाला महिने लागतात. दुसऱ्या वर्षी पुन्हा सामू पाहिल्याशिवाय मात्रा वाढवू नका. फसफसत असेल तर गंधकावर पैसे घालू नका. चुना ते आम्ल खाऊन टाकतो आणि सामू जागचा हलत नाही.

अशा जमिनीत चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेले लोह, द्यायचे, आणि इथे डब्यावरचे बारीक अक्षर वाचावेच लागते. ईडीटीए प्रकारातले लोह सामू साडेसहाच्या वर टिकत नाही, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत टिकते, ईडीडीएचए ९ पर्यंत. चुनखडीच्या मातीत स्वस्त ईडीटीए टाकले की ते मातीत अडकते, पान पिवळेच राहते, आणि दोष लोहाला दिला जातो. ईडीडीएचएचे द्रावण गडद लाल असते. वसंतात कळ्या उघडताना ओल्या मातीत आळवणी करा, म्हणजे द्रावण मुळांशी ओता, मात्रा लेबलप्रमाणे. हा इलाज एका हंगामापुरता आहे, दरवर्षी द्यावा लागतो. पानांवर लोहाची फवारणी केली तर फवारलेली पाने हिरवी होतात, नंतर आलेली पुन्हा पिवळी येतात.

सामू योग्य असून पाने पिवळी असतील तर परत स्क्रूड्रायव्हरकडे जा. घट्ट, गार, पाणथळ मातीत मुळांना लोह असूनही उचलता येत नाही.

नागअळी

पान पोखरणारी ही अळी एका छोट्या काळ्या करवती माशीची. माशी जेमतेम तीन मिलिमीटरची, नाव फेनुसा प्युमिला. मूळची युरोपातली, उत्तर अमेरिकेत १९२३ मध्ये कनेक्टिकटमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली आणि नंतर बर्च आहेत तिथे पसरली.

तिचे वेळापत्रक समजले की सगळे समजते. पाने अर्धी उमलतात तेव्हा माशी मातीतून वर येते आणि फक्त कोवळ्या पानांत अंडी घालते. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खाते. सुरुवातीला हलक्या हिरव्या रंगाचे लहान ठिपके दिसतात, ते एकमेकांत मिसळून फोडासारखा तपकिरी, सुरकुतलेला डाग होतो. दहा ते पंधरा दिवसांत अळी पूर्ण वाढते, पान फाडून खाली पडते आणि मातीत कोष करते. वर्षात दोन ते चार पिढ्या होतात, पण पहिली पिढीच खरी जड जाते, कारण तेव्हा सगळे झाड कोवळे असते. पुढच्या पिढ्यांना फक्त फांद्यांच्या टोकाची नवी पाने मिळतात.

यावरून तीन गोष्टी निघतात. एक, नत्राचे खत घालून किंवा जोरदार छाटणी करून उन्हाळाभर नवी पालवी काढत राहिलात तर प्रत्येक पिढीला जेवण वाढून ठेवता. दोन, डाग तपकिरी आणि कागदासारखा झाल्यावर फवारणीला अर्थ नाही. पान उजेडाकडे धरून पाहा, आत अळी नसेल तर त्या वर्षीचा डाव संपला. तीन, अळी पानाच्या आत असल्याने वरून बसणारी स्पर्शजन्य औषधे तिच्यापर्यंत पोचत नाहीत. सुरवंटांवर चालणारे बीटी जिवाणूही इथे कामाचे नाही. पतंगाच्या अळ्यांवर वापरले जाणारे बीटी करवती माशीच्या अळीला मारत नाही.

मग करायचे काय? पाच-सहा मीटरचे, निरोगी, पाणी नीट मिळणारे झाड असेल आणि तिसरा हिस्सा पाने डागाळली असतील तर काहीही करू नका. ईशान्य अमेरिकेत या अळीवर जगणारी लॅथ्रोलेस्टीस निग्रिकोलिस ही परजीवी गांधीलमाशी युरोपातून आणून सोडली गेली आणि तिथे नागअळीचा जोर बराच ओसरला. तिला जगू द्यायचे असेल तर झाडावर सरसकट मारक फवारे टाळा. लहान झाडावर पाने अर्धी उमलल्यावर, पहिले बारीक ठिपके दिसताच स्पिनोसॅड हे कीटकनाशक फवारता येते. ते पानात थोडे शिरते. संध्याकाळी, मधमाश्यांची ये-जा थांबल्यावर फवारा.

दरवर्षी बहुतेक पाने जात असतील आणि झाड अशक्त होत असेल तरच आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषले जाऊन आतून पानांपर्यंत पोचणाऱ्या, औषधाचा विचार. त्याबद्दल भुंगेऱ्याच्या भागात सविस्तर.

ऑगस्टमध्ये, खालच्या आणि सावलीतल्या जून पानांत डाग दिसू लागले तर ती दुसरी नागअळी, प्रोफेनुसा थॉमसोनी. तिची वर्षाला एकच पिढी. पानाचे काम तोवर झालेले असते, म्हणून उपचाराची गरज क्वचितच.

मावा, चिकटा आणि वळ्या पडलेली पाने

झाडाखालची गाडी, बाक, फरशी चिकट झाली आणि पानांवर काजळीसारखी काळी बुरशी आली की वर मावा आहे. बुरशी झाडाला खात नाही, माव्याच्या गोड स्रावावर वाढते. मावा गेला की ती पावसाने धुऊन जाते. लहान झाडावर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीनदा. पुरले नाही तर कीटकनाशक साबणाचे द्रावण लेबलप्रमाणे, पण ताण पडलेल्या झाडावर आणि भर उन्हात नको, पाने भाजतात. मुंग्या खोडावरून चढत असतील तर त्या माव्याची राखण करत असतात. खोडाभोवती कागदी पट्टा गुंडाळून त्यावर चिकट लेप लावा. लेप थेट सालीवर लावू नका.

रिव्हर बर्चवर वसंतात पानांना शिरांच्या मधे पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या दिसल्या, खाली पांढरट पूड आणि बारीक मावा असला, तर तो विच हेझेल आणि बर्च या दोन झाडांवर आयुष्य काढणारा मावा. ती पाने जूनपर्यंत गळतात आणि नवी चांगली येतात. वळीच्या आत औषध पोचत नाही, म्हणून फवारणी नको. पानाखाली गुलाबी-लालसर लोकरीसारखे ठिपके असतील तर ते अतिसूक्ष्म कोळ्यांचे काम. दिसायला विचित्र, झाडाला निरुपद्रवी.

पाने कुरतडलेली असतील तर

अळी सापडली की पोटाखालचे मांसल पाय मोजा. छातीवरचे तीन जोड खरे पाय सोडून द्या. मांसल पायांचे पाच किंवा कमी जोड असतील तर ती पतंगाची अळी, तिच्यावर बीटी चालते, तेही अळी लहान असताना. सहा किंवा जास्त जोड असतील तर करवती माशीची अळी. या अळ्या पानाच्या कडेला रांगेने बसतात आणि हात लागला की शरीर एसच्या आकारात उचलतात. एखाद-दुसऱ्या फांदीवरच असतात, तेवढी फांदी साबणाच्या पाण्याच्या बादलीत झटका.

जाळीदार, फक्त शिरा उरलेली पाने उन्हाळ्याच्या मध्यात वरच्या, उन्हातल्या भागात दिसली तर जपानी भुंगेरे शोधा: हिरवे चमकदार डोके, तांबूस पंख, कडेला पांढऱ्या केसांचे पुंजके. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्यात पाडा. गंधाचे सापळे झाडाजवळ लावू नका. ते जितके पकडतात त्याहून जास्त भुंगेरे बोलावतात. उन्हाळा संपताना जाळीदार झालेली पाने आणि त्यांवर छोटे पांढरे कापसाळ ठिपके असतील तर ती पान खरवडणारी बारीक अळी. तेव्हा पानगळ तोंडावर आलेली असते, सोडून द्या.

ठिपके आणि तांबेरा

ओल्या वसंतानंतर खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, भोवती पिवळे वलय, मग पानगळ: हा बुरशीजन्य करपा. उन्हाळा संपताना पानाखाली बोटाला लागणारी नारिंगी पूड: हा तांबेरा, याचे दुसरे यजमान झाड लार्च. दोन्हींवर उपाय एकच आणि साधा. गळलेली पाने गोळा करून अंगणाबाहेर काढा, तुषार सिंचनाचे पाणी पानांवर पडू देऊ नका, आतल्या गर्दीच्या बारीक फांद्या विरळ करा. नव्याने लावलेले लहान झाड सलग दोन-तीन वर्षे उघडे पडत असेल तरच ताम्रयुक्त बुरशीनाशक, कळ्या उघडताना पहिले आणि पावसाळी हवा असेपर्यंत १०–१४ दिवसांनी पुढचे. ठिपके दिसल्यानंतर मारलेले बुरशीनाशक झालेला डाग पुसत नाही.

वाकडी, वाटीसारखी वळलेली, शिरा समांतर ओढल्यासारख्या झालेली पाने, आणि शेजारच्या टोमॅटो-गुलाबाचीही तीच गत, असे दिसले तर हा रोग नाही, तणनाशक आहे. हिरवळीवर टाकायच्या ‘खत अधिक तणनाशक’ मिश्रणात बहुतेकदा टू-फोर-डी किंवा डायकांबा असते, आणि डायकांबा मुळांतूनही शोषले जाते. पाणी द्या, खत देऊ नका, पुढच्या पालवीची वाट पाहा. झाडाच्या मुळांच्या पसाऱ्यावर ते मिश्रण पुन्हा टाकू नका.

शेंडा विरळ होतोय: इथे घाई करा

उत्तर अमेरिकेतला कांस्यरंगी बर्च भुंगेरा, ॲग्रिलस अँक्सियस, पाने फारशी न खाता झाड मारतो. वयात आलेला भुंगेरा थोडी पाने खातो, ते नगण्य. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे काढते आणि अन्न-पाण्याचे मार्ग तोडते. वरच्या फांद्यांची पाने आधी लहान, फिकी, विरळ होतात, मग त्या फांद्या वाळतात, आणि शेंडेमर दोन-तीन वर्षांत खाली उतरते. पिवळ्या पानांसाठी खत टाकत राहण्यात हीच वर्षे जातात.

खात्री अशी करा. विरळ भागातल्या फांद्यांवर आणि खोडावर तीन ते पाच मिलिमीटर रुंदीचे इंग्रजी डी अक्षरासारखे भोक शोधा, एक बाजू सपाट, एक गोल. सालीवर आडव्या-तिरक्या फुगीर वळ्या दिसतात: झाडाने बोगद्यावर भरलेली जखम. गंजासारखे ओघळही असतात. सुरुवातीला भोके उंचावरच असतात, म्हणून दुर्बीण किंवा शिडीवर चढणारा जाणकार लागतो. गोल भोकांच्या सरळ आडव्या ओळी असतील तर त्या रसपिणाऱ्या सुतार पक्ष्याच्या. त्या भुंगेऱ्याच्या नव्हेत.

मग हिशेब करा. घेराचा तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी भाग मेला असेल तर उपचाराला अर्थ आहे. निम्म्याहून जास्त गेला असेल तर झाड काढणेच बरे, कारण औषध वर चढायला जिवंत वाहिन्याच उरलेल्या नसतात.

पर्याय दोन. प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञाकडून खोडात इमामेक्टिन बेंझोएटचे इंजेक्शन. याचा परिणाम साधारण दोन हंगाम राहतो. किंवा इमिडाक्लोप्रिडची आळवणी. आळवणी करायची तर छातीच्या उंचीला खोडाचा घेर मोजून लेबलप्रमाणे मात्रा काढा. बुंध्याभोवतीचे आच्छादन बाजूला सारा, औषध पाण्यात मिसळून बुंध्यालगतच्या मातीत सावकाश ओता, मग आच्छादन परत ओढा. माती आदल्या दिवशी ओलवलेली हवी, पण चिंब नको. औषध शेंड्यापर्यंत चढायला आठवडे लागतात, त्यामुळे भुंगेरे मे-जूनमध्ये बाहेर पडायच्या आत ते पोचायचे तर पानगळीच्या काळात किंवा वसंताच्या अगदी सुरुवातीला द्यावे लागते. तीच आळवणी नागअळीलाही आवरते. पण झाडाखाली फुलझाडे, फुललेले क्लोव्हर किंवा भाजीपाला असेल, विहीर किंवा ओढा जवळ असेल, तर ती करू नका. हे औषध फुलांच्या परागात आणि मधात उतरते आणि मधमाश्यांना घातक आहे. शिवाय त्याने काही वेळा लाल कोळ्यांचा उपद्रव वाढतो. युरोपीय संघाने २०१८ मध्ये याचा उघड्यावरचा वापर बंद केला, अमेरिकेतल्या काही राज्यांतही घरगुती वापरावर निर्बंध आहेत. विकत घेण्याआधी आपल्या भागातला नियम पाहा.

औषध दिले आणि मुळांवर ऊन, कोरडी माती तशीच ठेवली, तर ते दरवर्षी देत राहावे लागेल. भुंगेरा ताण पडलेले झाड गाठतो. पाणी नीट मिळणारे झाड पुष्कळदा अळीचा बोगदा भरून काढते.

छाटणी कधी

कळ्या फुटायच्या सुमारास बर्चला काप दिला की रस धो-धो वाहतो. झाड त्याने मरत नाही, तरी टाळावे. मे ते ऑगस्टमध्ये भुंगेरे उडत असतात आणि ताजा काप त्यांना खेचतो, म्हणून तेव्हाही नको. पाने गळाल्यापासून हिवाळ्याच्या मध्यापर्यंतचा काळ योग्य. फांदी मेली की नाही हे नखाने साल खरवडून पाहा, खाली हिरवा पापुद्रा असेल तर जिवंत आहे. काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर द्या, खोडाला चिकटून नको आणि खुंटही ठेवू नका. कापावर रंग किंवा लेप लावायची गरज नाही. शेंडा सपाट कापून ‘कमी’ करू नका. उघडी पडलेली साल उन्हाने भाजते आणि झाड तिथूनच ढासळते.

भुंगेऱ्याने मारलेल्या फांद्या सरपण म्हणून अंगणात रचून ठेवू नका. त्यांत अळ्या जिवंत असतात आणि मेमध्ये त्यांचे भुंगेरे होऊन उडतात. एप्रिल संपायच्या आत ते लाकूड चिप्स करून टाका किंवा जाळा.